रहाट, इंजिन आणि जनरेटर

आमच्या पापडीच्या वाड्यांचा इतिहास म्हणजे पाणी वर काढण्याचा इतिहास. वसईच्या किल्ल्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. 1739 ची चिमाजी अप्पांची मोहीम शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. पण इथल्या शेतकऱ्याची रोजची लढाई वेगळी होती. विहिरीतलं नाहीतर बावखलातलं पाणी केळीच्या आणि पानवेलीच्या मुळाशी पोचवायचं, तेही उन्हं चढायच्या आत. त्यासाठी लागणारी ताकद कोणाची, आणि ती आपल्या हातात आहे की दुसऱ्याच्या, हा प्रश्न माझ्या आजोबांना होता, वडिलांना होता आणि मलाही आहे.

आजोबांच्या काळी ही ताकद बैलाची किंवा रेड्याची. लाकडी रहाट, त्याला मडक्यांची माळ, जनावर गोल फिरे आणि मडकी एकामागून एक पन्हळीत रिकामी होत. वसईत पाणी वर असतं, विहीर फार खोल नसते, म्हणून इथे रहाट चालला. घाटावर मोट होती, तशी आमच्याकडे रहाटाची कुरकुर. रहाट बंद पडायचा तोही घरच्या घरी दुरुस्त व्हायचा. मडकं फुटलं तर कुंभाराकडून आणा, खुंटी मोडली तर सुताराला बोलवा. बैल आजारी पडला तर शेजाऱ्याचा आणा. त्या काळी ‘बॅकअप’ म्हणजे शेजारी.

मग इंजिन आलं. 1930 च्या दशकात साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं बनू लागली. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. 1946 साली पुण्याला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या संथ चालणाऱ्या इंजिनाच्या धर्तीवर राजकोटलाही इंजिनं बनू लागली. पाच हॉर्सपॉवरचं हे धूड शेताच्या कडेला सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवायचं, पट्ट्यानं पंपाला जोडायचं, की बैलाला दिवसभर लागायचा तेवढं पाणी तासा-दोन तासांत. वाडीत सकाळी ‘टुक टुक’ सुरू झालं की कोणाच्या शेतात इंजिन लागलं ते घरात बसून कळायचं. प्रत्येक इंजिनाचा आवाज वेगळा.

हे इंजिन चालू करणं ही विद्या होती. डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हॅण्डल घालून चाक जोरात फिरवायचं, वेग आला की खटका सोडायचा. हॅण्डल धरताना अंगठा बोटांच्या बाजूला ठेवायचा, हॅण्डलभोवती आवळायचा नाही. इंजिन उलटं मारलं तर मनगट जातं. पंपात आधी बादलीभर पाणी ओतायचं, नाहीतर तो हवा ओढत बसतो. खाली फुटवॉलला कचरा अडकला की पाणी धरत नाही. ऑईल बोटाला लावून बघायचं. डिझेल फडक्यातून गाळून घालायचं. हे सगळं वडिलांना कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. रोज चालवायचं, म्हणून रोज बघणं होत होतं. मला वाटतं, या साऱ्या गोष्टीतलं मर्म इथेच आहे. रोजच्या कामाचं यंत्र आपोआप राखलं जातं. अडीअडचणीला ठेवलेलं यंत्र मुद्दाम राखावं लागतं.

इंजिनाचा एक धोका आम्हाला ऐकून माहीत होता. पंप साधारण वीस-पंचवीस फुटांपलीकडून पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे जिथे विहिरी खोल, तिथे शेतकरी इंजिन विहिरीतच कट्टा करून उतरवायचे. धूर विहिरीत साचायचा. इंजिन बंद करायला खाली उतरलेला माणूस वर यायचा नाही, त्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच राहायचा. अशा बातम्या पेपरात येत. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. माणसाला आधी झोप आल्यासारखं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे घराच्या जनरेटरपाशी तीच पुन्हा येणार आहे.

आता विजेकडे वळू. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झालं, ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. विजेची लोकल 1928 ला बोरिवलीपर्यंत आणि 1936 ला विरारपर्यंत आली. म्हणजे वीज वसईतून धावत होती, पण रुळांच्या वरच्या तारेतून. स्टेशनपासून चालत तासाभराच्या आत असलेल्या आमच्या वाड्यांत कंदील होता. 1960 ला महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी राज्याचं वीज मंडळ झालं, आणि पुढच्या वर्षांत खांब हळूहळू गावांकडे सरकले. घरात दिवा लागला याचं आईला अप्रूप, वडिलांना मोटरीचं. बटण दाबलं की पाणी. हॅण्डल नाही, डिझेल नाही, धूर नाही. इंजिनं एकेक करून भंगारात गेली. चौथरे तेवढे राहिले, त्यांवर आम्ही कपडे वाळत घालू लागलो.

या सोयीबरोबर दोन गोष्टी गेल्या. एक म्हणजे विहिरीची मर्यादा. रहाट बैलाच्या दमानं चाले, विहिरीला भरायला वेळ मिळे. मोटर थकत नाही. किनाऱ्यालगतच्या जमिनीतून गोडं पाणी फार ओढलं की खारं पाणी आत सरकतं, आणि ते वसईत झालं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि इतरांनी हरित वसईची चळवळ उभी केली, त्यात शेतविहिरींतून टँकरनं जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न होता. दुसरी गोष्ट म्हणजे ताकद आपल्या हातातून गेली. बटण घरात आणि वीज दुसऱ्याच्या हातात. हे कळायला मात्र बरीच वर्षं जावी लागली.

ती वेळ आली 2005 ला. दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प 2001 साली बंद पडला होता. मागणी वाढत होती, नवीन वीज येत नव्हती. जून 2005 मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन वीज बनवणारी, वाहून नेणारी आणि घरी पोचवणारी अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. पण तुकडे केल्यानं वीज वाढत नाही. भारनियमन हा शब्द घराघरांत गेला. राज्यात खेड्यापाड्यांत बारा-बारा तास अंधार. शेतीच्या वाहिनीला थ्री फेज बहुतेक रात्रीच, म्हणजे शेतकऱ्यानं विंचू-सापात बॅटरी घेऊन पाणी द्यायचं.

आमच्या इथलं दुखणं जरा वेगळं होतं. खाडीच्या पलीकडे मीरा-भाईंदर, तिथली वीज मुंबई उपनगरांना पुरवणाऱ्या कंपनीची. तिकडे भारनियमन नाही. अलीकडे नायगावपासून राज्याची वीज, इकडे भारनियमन. रात्री लोकलनं येताना भाईंदरच्या पुलावर हा फरक डोळ्यांना दिसायचा. मागे झगमगाट, पुढे काळोख. मुंबईच्या उपनगरांसाठी वीज बनवणारं डहाणूचं 500 मेगावॅटचं केंद्र आमच्याच बाजूचं, आजच्या पालघर जिल्ह्यातलं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 पासून तारापूरला, तेही याच जिल्ह्यात. तारा आमच्या भागातून दक्षिणेला जातात. 1936 ला लोकलच्या तारेचं जे होतं तेच सत्तर वर्षांनी पुन्हा दिसलं. मुंबईनं आपली वीज केंद्रं आधीपासून उभी केली होती, हेही खरं. त्यांच्याबद्दल राग धरून उपयोग नाही. पण बारावीचा अभ्यास करणाऱ्या पोराला हे समजावणं कठीण होतं.

त्याच काळात पुण्यानं एक वेगळी वाट काढली. कारखान्यांकडे स्वतःचे मोठे डिझेल जनरेटर होते. टंचाईच्या तासांत कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यांच्या वाट्याची वीज शहराला सोडायची आणि डिझेलचा जादा खर्च ग्राहकांनी थोडा थोडा वाटून घ्यायचा. जून 2006 पासून हे सुरू झालं, लोक त्याला ‘पुणे मॉडेल’ म्हणत. म्हणजे एकेकट्याचं साधन सगळ्यांच्या उपयोगी पडू शकतं, हिशेब उघडा असेल तर.

आमच्याकडे ज्यानं त्यानं आपापलं बघितलं. लग्नाच्या मांडवात भाड्यानं येणारा जनरेटर आता घरांत, दुकानांत आला. पापडीच्या बाजारात संध्याकाळी दिवे गेले की पाच मिनिटांत दुकानांपुढे छोटे जनरेटर भुरभुरायला लागत. काही पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचे, त्यांचा धूर डोळ्यांत जायचा. आवाज तर इतका की गिऱ्हाईक आणि दुकानदार खुणांनी बोलत. डिझेल जनरेटरला आवाजाची मर्यादा आली तीही 2005 पासूनच, नव्या यंत्राला एक मीटरवर 75 डेसिबल. म्हणून आता पेटीत बंद केलेले जनरेटर दिसतात.

तेव्हा जनरेटर घेताना लोक पहिला प्रश्न विचारायचे, “केवढ्याला?” वडील मला म्हणाले, “आधी काय काय चालवायचंय ते लिही.” इंजिन घेताना ते असंच करत. मग मी कागद घेतला. दिवे सहा, एलईडी असतील तर साठ वॅट. पंखे तीन, सव्वादोनशे. फ्रिज दीडशे. पाण्याचा अर्धा हॉर्सपॉवरचा पंप, चालताना साडेपाचशेच्या आसपास. बेरीज हजाराच्या घरात. म्हणजे एक हजाराचा जनरेटर पुरेल का? नाही. मोटर सुरू होताना क्षणभर तिप्पट-चौपट ओढते. फ्रिजच्या आतही मोटरच असते. त्यातून जनरेटरवर केव्हीए लिहिलेलं असतं, त्यातला आठ-दहांश धरावा. 3 केव्हीए म्हणजे साधारण 2400 वॅट. अर्ध्या हॉर्सपॉवरच्या पंपासह घराला तेवढा लागतो, आणि त्यातही आधी पंप लावायचा, मग बाकीचं. एक हॉर्सपॉवरचा पंप असेल तर 5 केव्हीए बघावा. पंप सोडून द्यायचा असेल तर दीड-दोनमध्ये भागतं. फार मोठा घेणंही बरं नाही. मोठं डिझेल इंजिन दोन दिव्यांसाठी चालवलं तर ते नीट तापत नाही, काजळी धरतं.

खर्चाचा हिशेबही तेव्हाच करावा. असा पेट्रोल जनरेटर अर्ध्या लोडला तासाला लिटरभर खातो आणि एक-सव्वा युनिट देतो. पेट्रोल शंभर रुपये धरलं तर ऐंशी-शंभर रुपयांना एक युनिट पडलं. म्हणून जनरेटरवर चैन होत नाही. त्यावर गरज भागवायची.

जोडणीचं काम त्याहून मोठं. आमच्या वाडीत एकानं वायरमनला सांगितलं होतं की दोन्ही टोकांना पिना असलेली वायर कर, एक जनरेटरला, एक घरच्या सॉकेटला. वायरमननं हात जोडले, म्हणाला, “काका, हे माझ्याकडून होणार नाही.” त्याचं बरोबर होतं. घरचा मेन स्विच चालू राहिला तर ती वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. तिथून ट्रान्सफॉर्मरमध्ये. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. वरून आलेले 11,000 व्होल्ट जसे तो घरासाठी उतरवतो, तसे घरून गेलेले 230 वर चढवतो. तिकडे लाईन बंद आहे म्हणून तार जोडणारा लाईनमन असतो. त्याचं घरही असंच कुठल्यातरी गावात असतं. म्हणून चेंजओव्हर स्विच हवाच. एक तर बाहेरची वीज, नाहीतर जनरेटरची, दोन्ही एकदम जोडताच येणार नाहीत असा. आणि अर्थिंग नीट हवं, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायचं विसरू नये.

जागेचंही तसंच. पाऊस लागतो, चोरी होते म्हणून लोक जनरेटर पडवीत नाहीतर जिन्याखाली ठेवतात. इथे विहिरीतल्या इंजिनाची गोष्ट आठवा. खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला, तरी तो धूर घरात भरतो, आणि रात्री माणसं झोपलेली असतात. जनरेटर उघड्यावर, घराच्या दारा-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब, वर नुसतं छप्पर, चारही बाजू मोकळ्या, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. आम्ही इंजिनाच्या जुन्या चौथऱ्यावर पत्रे टाकले. कपडे वाळत घालायला दुसरी जागा शोधली. पेट्रोल भरायचं ते यंत्र बंद करून, थंड झाल्यावर. कॅन घरात ठेवायचा नाही.

2012 नंतर भारनियमन कमी होत गेलं. लोकांनी जनरेटरवर गोणपाट टाकलं. मग जुलै 2018 आला. चार दिवसांच्या पावसानं वसई-विरार पाण्याखाली गेलं. मिठागरांत माणसं अडकली, लोकल बंद पडली, वीज केंद्रांत पाणी शिरल्यानं वीज बंद करावी लागली. कित्येक भागांत दोन-तीन दिवस वीज नव्हती. त्या वेळी वाडीतल्या पाचांपैकी तीन जनरेटर सुरूच झाले नाहीत. टाकीतलं पेट्रोल सहा वर्षांचं. जुनं पेट्रोल डिंकासारखं होतं, कार्बोरेटरचं बारीक भोक बुजतं. एकाचं यंत्र जमिनीला टेकून ठेवलेलं, ते बुडालं. चौथऱ्यावरचं वाचलं. आजोबांनी बांधलेल्या चौथऱ्याची उंची पाणी किती चढतं ते बघून ठरवलेली होती.

17 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. झाडं पडली, खांब पडले. कोरोनाची दुसरी लाट चालू होती. दोन घरं सोडून राहणारी काकी नुकती इस्पितळातून घरी आली होती, भाड्यानं आणलेल्या ऑक्सिजनच्या मशीनवर. असं पाच लिटरचं मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास घेतं. म्हणजे चार-पाच पंखे. इन्व्हर्टरची बॅटरी काही तासांत उतरली. सिलिंडर मिळण्याचे ते दिवस नव्हते, रस्त्यावर झाडं आडवी.

आम्ही जाड वायर ओढून जनरेटरवरून थेट तिचं मशीन चालवलं. पुन्हा कागद काढला. पहिलं मशीन, ते बंद होणार नाही. दुसरं, एका घरच्या फ्रिजमध्ये वाडीतल्या सगळ्यांची इन्सुलिन. तिसरं, सकाळी तासभर पंप, पाच घरांच्या टाक्या. चौथं, मोबाईल. टीव्ही नाही, पंखे नाहीत. आमच्या घरात मे महिन्याच्या त्या उकाड्यात आम्हीही पंख्याशिवाय होतो, कारण लिटरभर पेट्रोल म्हणजे तासभर श्वास, हे सगळ्यांना कळलं होतं. ज्याच्या मोटरसायकलच्या टाकीत होतं त्यानं तिथून काढून दिलं. पेट्रोल भरायला यंत्र बंद करायचं तेवढा वेळ, थंड होईस्तोवर, मशीन इन्व्हर्टरवर. इन्व्हर्टर त्याच जनरेटरवर चार्ज होत होता. वीज आली तोवर दुसरी रात्र सरली होती. काकी आजही आहे, केळी विकायला बसते.

त्या वेळी यंत्र दोरीच्या दुसऱ्या ओढीला सुरू झालं, त्यात नशिबाचा भाग नव्हता. महिन्यातून एकदा वीस मिनिटं ते चालवायचं, रिकामं नाही, दोन पंखे आणि दिवे लावून. मग पेट्रोलचा कॉक बंद करून यंत्र आपोआप थांबू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. ऑईल नव्या यंत्राचं वीस तासांनी, पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचं. हवेचा फिल्टर धुऊन वाळवायचा, प्लग घासायचा. टाकीत पेट्रोल साठवायचं नाही. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आमची हवा तर खारी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघायचं. एवढंच काम आहे, पण ते वीज असताना करावं लागतं, आणि वीज असताना कोणाला आठवण होत नाही.

हल्ली मुलं म्हणतात, आता जनरेटर कशाला, छपरावर सोलर घाला, 2024 पासून सरकार 3 किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान देतं. घालावं, चांगलंच आहे, ना धूर ना आवाज. पण एक गोष्ट विकणारा बहुधा सांगत नाही. लाईनला जोडलेलं साधं सोलर, वीज गेली की तेही बंद पडतं, भर दुपारच्या उन्हात. कारण तेच, खांबावरचा लाईनमन. बॅटरी आणि त्यासाठीचा वेगळा इन्व्हर्टर असेल तरच काळोखात उपयोग.

मुंबईलाही याचा अनुभव आला. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या दिवशी खाडीच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या. वीज मोठ्या शहराला आहे म्हणजे कायमची आहे, असं कुणी धरून चालू नये.

आमच्या पडवीच्या भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर कोणाच्या घरी काय आजार, कोणतं मशीन किती वॅटचं, जनरेटर कोणाकोणाला चालू करता येतो, आणि शेवटचं ऑईल कधी बदललं. पहिल्या वर्षी चालू करता येणाऱ्यांत तीन नावं होती, तिन्ही पुरुषांची. आता नऊ आहेत. त्यातल्या पाच बायका, आणि त्यात काकीची सून पहिली शिकली.